चिठ्ठी नसलेली बाटली : विषारी रसायने, कायदा आणि नागरिक



या सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून आमची जुनी प्रयोगशाळा होती. तिथे ज्यांच्या हाताखाली मी पहिली परीक्षानळी धरली, त्यांच्याच स्मृतिव्याख्यानासाठी आज इथे उभा राहताना संकोच आणि कृतज्ञता या दोन्ही भावना मनात आहेत. व्याख्यानमालेच्या चालकांनी हा मान मला दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. माझ्या आधी या व्यासपीठावरून बोलून गेलेली मंडळी विद्वान होती. मी आयुष्यभर इंदूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविले. मी कायदेपंडित नाही. तरीही विषय निवडला आहे तो कायद्याचा. याचे कारण आमच्या सरांच्या एका सवयीत आहे.

सरांच्या प्रयोगशाळेत तीन नियम होते. पहिला : ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही, ती विषाची समजायची. दुसरा : चिठ्ठी लावण्याचे काम बाटली फळीवर ठेवणाऱ्याचे, उचलणाऱ्याने ओळखत बसायचे नाही. तिसरा : चिठ्ठीवर सूत्र असले तरी खाली देवनागरीत नाव आणि धोका लिहायचा, कारण संध्याकाळी काचसामान धुणारे शिपाईमामा सूत्रे शिकलेले नव्हते. एकदा आमच्यातल्या एकाने चिठ्ठी न लावता बाटली ठेवली आणि सर रागावल्यावर म्हणाला, "सर, त्यात नुसते पाणी आहे." सर शांतपणे म्हणाले, "असेल. मग तसे लिहायला काय हरकत होती?"

त्या वयात आम्हाला ही शिस्त थोडी जाचक वाटे. आज सत्तरी ओलांडल्यावर वाटते की, विषारी रसायनांविषयी जगभर जे कायदे झाले, जे फसले आणि जे सुधारावे लागले, त्यांचा सारा इतिहास या तीन नियमांत सामावला आहे. बाटली निर्दोष मानायची की संशयित? पुरावा कोणी द्यायचा? आणि माहिती कोणाच्या भाषेत, कोणापर्यंत पोचवायची? आजचे विवेचन या तीन प्रश्नांपुरते मर्यादित ठेवतो.

आपल्या देशातील कायद्यांचा क्रम पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. १९५८ साली केरळ आणि तत्कालीन मद्रास राज्यात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. अन्नधान्य आणि विष यांची वाहतूक एकत्र झाली होती. चौकशी झाली, समित्या बसल्या, आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक अधिनियम संमत झाला. त्याची अंमलबजावणी १९७१ मध्ये सुरू झाली. आधी प्रेते, मग समिती, मग कायदा, हा क्रम तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

याचे सर्वांत दारुण उदाहरण आपल्या मध्य प्रदेशातच घडले. २ डिसेंबर १९८४ ची रात्र. भोपाळच्या कीटकनाशकाच्या कारखान्यातील एका टाकीत पाणी शिरले. आत मिथाइल आयसोसायनेट होते. पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन उष्णता वाढत गेली, दाब वाढला आणि सुमारे चाळीस टन वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती, आणि निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोराही त्या रात्री नादुरुस्त होता. तत्काळ झालेल्या मृत्यूंचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे तो वाढतच गेला, आणि बाधितांची संख्या पाच लाखांवर पोचली.

मी त्या वेळी महाविद्यालयात नवखा अध्यापक होतो. ३ डिसेंबरला वर्गात शिरलो तर विद्यार्थी फळ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते. एकाने विचारले, "सर, हा वायू कोणता? त्यावर उतारा काय?" त्यांपैकी दोघांचे नातेवाईक भोपाळला होते. मी ग्रंथालयात धावलो. संयुगाची रचना, उत्कलनबिंदू, पाण्याशी होणारी प्रक्रिया सापडली. माणसाच्या शरीरात त्याचे काय होते, याबद्दल हाती काही लागले नाही. रसायनशास्त्राचा पदवीधर असून मी त्या मुलांना उत्तर देऊ शकलो नाही. ही शरम मी आजतागायत विसरलेलो नाही.

पुढे कळले की, भोपाळच्या डॉक्टरांची अवस्थाही वेगळी नव्हती. हजारो रुग्ण दारात उभे असताना कारखान्याकडून त्यांना सांगण्यात आले की, हा वायू डोळ्यांना झोंबणारा आहे, प्राणघातक नाही. भोवतालच्या वस्तीला तर कधीच काही सांगितलेले नव्हते. तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याबरोबर धावू नका, एवढ्या दोन वाक्यांनी किती प्राण वाचले असते! ती बाटली पंधरा वर्षे शहराच्या उशाशी होती. तिच्यावर लोकांना वाचता येईल अशी चिठ्ठी नव्हती.

या आघातानंतर कायद्यांची रांग लागली, हे मान्य केले पाहिजे. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम झाला. १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली होती; त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये असा दंडक घालून दिला की, जो धोकादायक उद्योग चालवितो त्याचे दायित्व निरपवाद आहे; 'आम्ही काळजी घेतली होती' हा बचाव चालणार नाही. १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन कामगारांना आणि परिसरातील लोकांना धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ मध्ये घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण व आयातीचे नियम आले, १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, आणि १९९६ मध्ये रासायनिक अपघातांसाठी जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्तिगट नेमण्याचे नियम. कारखाना अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. कागदावर पाहता आपण गरीब नाही.

परंतु हे बहुतेक कायदे अपघाताचे आहेत. टाकी फुटली, नळ गळला, आग लागली, म्हणजे ते जागे होतात. जे विष फुटत नाही, आवाज करीत नाही, थेंबाथेंबाने वर्षानुवर्षे शरीरात साठते, त्याचे काय? इथे सरांचा पहिला नियम आठवतो, आणि त्याच्या उलट वागल्याची किंमत किती असते हे समजण्यासाठी मी तुम्हाला एका शतकाची गोष्ट सांगतो.

१९२३ साली अमेरिकेत शिशाचे संयुग मिसळलेले पेट्रोल विक्रीला आले. इंजिनातली खटखट त्याने थांबे. शिसे विषारी आहे हे तेव्हा नवे ज्ञान नव्हते. पुढच्याच वर्षी ते संयुग बनविणारे काही कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही उद्योगाच्या बाजूने भूमिका अशी मांडली गेली की, रस्त्यावरच्या सामान्य माणसाला अपाय होतो हे आधी सिद्ध करून दाखवा, मग थांबवू. ती सिद्धता गोळा करण्यात पन्नास वर्षे गेली. लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीला शिसे बाधते, हे निर्विवाद ठरेपर्यंत कित्येक पिढ्या तो धूर श्वासात घेऊन मोठ्या झाल्या. भारतात देशभर शिसेविरहित पेट्रोल आले ते २००० साली. जगातील शेवटचा देश, अल्जीरिया, त्यातून मोकळा झाला २०२१ च्या जुलै महिन्यात. एका बाटलीला निर्दोष मानण्याची ही अठ्ठ्याण्णव वर्षांची किंमत.

हीच चूक कायद्याच्या भाषेत कशी शिरते, याचे उत्तम उदाहरणही अमेरिकेचेच आहे. १९७६ साली तिथे विषारी द्रव्यांच्या नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्या वेळी बाजारात असलेली सुमारे ६२,००० रसायने तपासणीवाचून तशीच पुढे चालू राहिली. एखाद्या रसायनाबद्दल शंका आली, तर ते अपायकारक आहे हे सिद्ध करण्याचा भार सरकारी खात्यावर. आणि त्यासाठी लागणारी माहिती मात्र उत्पादकाच्या कपाटात. ॲस्बेस्टॉसचे धागे फुप्फुसात रुतून कर्करोग होतो, हे साऱ्या जगाला माहीत होते. दहा वर्षे अभ्यास करून खात्याने १९८९ मध्ये त्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. १९९१ मध्ये न्यायालयाने ती बहुतांशी रद्द केली. खात्याने सर्वांत कमी जाचक उपाय निवडल्याचे सिद्ध केले नाही, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. जो कायदा ॲस्बेस्टॉसलाही थांबवू शकला नाही, तो दुसऱ्या कशाला थांबविणार? अखेर चाळीस वर्षांनी, २०१६ च्या जूनमध्ये, त्या कायद्यात मोठी सुधारणा झाली. जुन्या रसायनांचीही क्रमाने तपासणी करणे बंधनकारक झाले, आणि तपासणीत केवळ आरोग्याचा विचार करावा, खर्चाचा नव्हे, असे ठरले. सध्या वापरात असलेल्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा आदेश निघाला तो २०२४ मध्ये. सुधारणा झाली तरी ती राबवायची इच्छा दर वेळी नव्याने जागवावी लागते, हाही त्या इतिहासाचा धडा आहे.

युरोपने दुसरी वाट धरली. १ जून २००७ पासून तिथे जो नियम लागू झाला, त्याचे सार चार शब्दांत सांगता येईल : माहिती नाही, बाजार नाही. वर्षाला एक टनाहून अधिक प्रमाणात रसायन बनविणाऱ्याने वा आणणाऱ्याने त्याची माहिती आधी नोंदवायची, आणि ते सुरक्षितपणे कसे वापरता येईल हे त्यानेच दाखवायचे. बाटली ठेवणाऱ्याने चिठ्ठी लावायची, हा सरांचा दुसरा नियम याहून वेगळा नाही. त्या व्यवस्थेतही विलंब आहेत, पळवाटा आहेत. पण प्रश्न विचारण्याची दिशा बदलली, हे मोठे काम झाले.

आपल्याकडे सर्व रसायनांसाठी असा एक सर्वंकष कायदा करण्याचे मसुदे तयार झाले, पण वर्षे उलटत गेली. कीटकनाशकांसाठी २००८ आणि २०२० साली संसदेत नवी विधेयके मांडली गेली. त्यांपैकी एकानेही १९६८ च्या कायद्याची जागा घेतली नाही. या विलंबाचा अर्थ काय होतो, हे या शाळेच्या छताखाली सांगणे मला जड जाते; तरी सांगितले पाहिजे.

१६ जुलै २०१३. बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावची प्राथमिक शाळा. दुपारच्या भोजनात मुलांना भात आणि भाजी मिळाली. ज्या तेलात भाजी केली होती, त्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले होते. तेवीस मुले दगावली. त्या शाळेत काय चुकले, कोणाचा अपराध, हा न्यायालयाचा विषय झाला. माझा प्रश्न वेगळा आहे. हे द्रव्य अतिविषारी आहे, हे ठाऊक होते. २००५ मध्येच भाजीपाल्यावर ते वापरण्यास आपण बंदी केली होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला ते पूर्णपणे थांबविण्याचा विचार करावा असे सुचविले होते. पण भाजीला बंदी आणि कापसाला परवानगी, म्हणजे व्यवहारात काय? दुकान तेच, बाटली तीच, आणि घेऊन जाणारा माणूसही तोच. कागदावरची सीमारेषा शेतात दिसत नाही. सरकारने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला तो २०२३ मध्ये, म्हणजे गंडामनची मुले गेल्यानंतर दहा वर्षांनी.

आणि शेतमजुरांचे काय? २०१७ च्या पावसाळ्यात विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात गेले. कपाशी पुरुषभर उंच वाढलेली, फवारा तोंडावर येणारा, अंगात साधा सदरा. बाटलीवर चिठ्ठी होती. ती इतक्या बारीक अक्षरांत की, चष्मा लावूनही मला वाचता आली नसती; आणि त्यात सांगितलेला मुखवटा, हातमोजे नि अंगरखा चाळीस अंश उष्ण्यात मजुराने घालावा, ही अपेक्षा तो ज्याने लिहिला त्याला स्वतःलाही पटली नसेल. जे रसायन केवळ अशक्य अटींवर सुरक्षित आहे, ते सुरक्षित आहे असे कायद्याने म्हणू नये.

आता थोडे आपल्या अंगणात येतो. भोपाळच्या कारखान्याच्या आवारात चाळीस वर्षे पडून राहिलेल्या विषारी कचऱ्यापैकी सुमारे ३३७ टन कचरा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ च्या आरंभी बारा बंद वाहनांतून पीथमपूरला आणला गेला. आपल्या शहरापासून ते ठिकाण तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या बाईंनी, ज्यांचे माहेर त्या भागात आहे, मला विचारले, "काकाजी, तुम्ही केमिस्ट्रीवाले ना? ते जाळणार म्हणजे आमच्या विहिरीत काय येणार?" १९८४ चा तोच प्रश्न, चाळीस वर्षांनी, पुन्हा माझ्या दारात.

या वेळी मी काही सांगू शकलो. भट्टी पुरेशा तापमानाला चालली, धूर नीट धुतला, मोजमापे प्रामाणिक ठेवली, तर अशी द्रव्ये जाळता येतात, हे विज्ञान मी त्यांना समजावले. पण 'मोजमापे प्रामाणिक ठेवली तर' या शब्दांपाशी त्यांनी मला थांबविले. "ते कोण बघणार?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. अधिकाऱ्यांनी खुलासे केले, पण वाहने येऊन पोचल्यावर; लोकांना विश्वासात घेण्यासाठी सरकारला न्यायालयाकडून अधिक मुदत घ्यावी लागली. आधी चाचण्या झाल्या आणि जूनअखेर कचरा जाळून झाला. राखेची विल्हेवाट कुठे लावायची, हा वाद पुढे चालू राहिला; भोपाळची दूषित माती आणि भूजल तर तिथेच आहे. ज्यांना धोका पत्करायचा आहे त्यांना शेवटी सांगणे, ही रीत भोपाळनंतरही आपण सोडलेली नाही.

गंमत अशी की, भोपाळपासून जो धडा आपण घ्यायचा तो परक्या देशाने घेतला. १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला की, कोणत्या कारखान्यात कोणते घातक द्रव्य किती आहे आणि दरवर्षी हवेत-पाण्यात किती सोडले जाते, हे कारखान्याने जाहीर करावे आणि कोणाही नागरिकाला ते पाहता यावे. दंड फारसा नव्हता, नुसती माहिती होती. पण आकडे छापून येणार म्हटल्यावर एका बड्या कंपनीने हवेत सोडली जाणारी विषद्रव्ये नव्वद टक्क्यांनी कमी करण्याची घोषणा आपणहून केली. आपल्या १९८९ च्या नियमांतही परिसरातील लोकांना आधी माहिती देण्याची तरतूद आहे. तरी ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ स्टायरीनची वाफ वस्तीत शिरली, तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजविलाच गेला नव्हता, असे चौकशी समितीने नोंदविले. भोंगा होता, कायदाही होता.

इथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो, आणि तो मी टाळणार नाही. रसायनांवाचून आजचे जग चालणार नाही. आपल्या नळाचे पाणी क्लोरीनने शुद्ध होते, औषधे रसायनांतूनच येतात, पीथमपूर-देवासच्या कारखान्यांवर हजारो घरांच्या चुली पेटतात. कडक कायद्याने लहान उद्योग बुडतील, ही भीती खोटी नाही. माझे उत्तर एवढेच की, चिठ्ठी लावण्याने प्रयोगशाळा बंद पडत नाही, अपघाताने पडते. लहान उद्योजकाला चाचण्यांचा खर्च झेपत नसेल, तर समान द्रव्य वापरणाऱ्यांनी तो वाटून घ्यावा, सरकारने प्रयोगशाळा पुरवाव्यात. खर्च कमी करण्याचे मार्ग शोधता येतात. तो गुपचूप शेजाऱ्याच्या फुप्फुसावर टाकणे हा त्यांतला मार्ग नव्हे.

म्हणून कायद्याच्या सुधारणेत मला चार गोष्टी अपरिहार्य वाटतात. पहिली, नवे असो वा जुने, रसायन सुरक्षित असल्याचा पुरावा बाजारात आणणाऱ्याने द्यावा. आणि दिलेला परवाना ठरावीक काळाने पुन्हा तपासला जावा. दुसरी, परवानगी देताना माणूस ते प्रत्यक्षात कसे वापरतो हे पाहावे. तिसरी, धोक्याची माहिती हिंदी, मराठी, भिली अशा त्या-त्या वस्तीच्या बोलीत शाळेत, दवाखान्यात आणि पंचायतीत लावलेली असावी. व्यापारी गुपिताच्या नावाखाली आरोग्याची माहिती दडविता येऊ नये. चौथी, दंड आणि भरपाई यांना काही अर्थ असावा. १९९१ च्या विमा कायद्यात मृत्यूबद्दल २५,००० रुपये ठरले, आणि महागाई कितीही वाढली तरी तो आकडा सुमारे तीस वर्षे हलला नाही. भोपाळच्या खटल्यात जून २०१० मध्ये दोषींना शिक्षा झाली ती दोन वर्षांची. २०२३ च्या दुरुस्तीने पर्यावरण अधिनियमातील कैदेच्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड आला. कैद क्वचितच होत असे, हे खरे. पण बड्या उद्योगाला हा दंड म्हणजे हिशेबातला एक किरकोळ खर्च ठरू नये, याची काळजी कोण घेणार?

विद्यार्थिमित्रांनो, शेवटचे शब्द तुमच्यासाठी. तुमच्यापैकी कोणी वकील होतील, कोणी कारखान्यात अभियंते, कोणी अधिकारी, कोणी डॉक्टर. तुमच्यापुढे कधी तरी एखादा कागद येईल आणि कोणी म्हणेल, "त्यात काही नाही हो, नुसते पाणी आहे." तेव्हा आमच्या सरांचा प्रश्न विचारायला विसरू नका : मग तसे लिहायला काय हरकत आहे?

सर गेले त्यानंतर त्यांचे कपाट आवरायला मी आलो होतो. आत एक छोटी, घट्ट बुचाची बाटली होती. तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते : 'शुद्ध पाणी'. आणि खाली तारीख.

सरांच्या स्मृतीला वंदन करून थांबतो.